ध्रुवप्रदेशांतील सडासंमार्जन

"एवढे पैसे मोडून पृथ्वीच्या टोंकाला गेलांत, आणि तेथें जाऊन केलेंत काय, तर परक्यांचा केर भरलांत!" गेल्या वर्षीं श्रावणांत आम्ही उभयतां स्वालबारच्या सफरीहून परत आलों, तेव्हां आमच्या आत्याबाईंनीं चहाचा पेला पुढें करतां करतांच हा अभिप्राय दिला. घरांतील सर्व मंडळी हंसली, आम्हीही हंसलों. परंतु आत्याबाईंच्या बोलण्यांत थट्टेपेक्षां प्रश्नच अधिक होता, आणि त्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं चटकन् देतां आलें नाहीं. तें येथें सावकाश देण्याचा विचार आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून देणें अवश्य आहे. नॉर्वे देशाचा उत्तर किनारा आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, स्वालबार हा द्वीपसमूह पसरला आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ एकपंचमांश. पैकीं निम्म्याहून अधिक भूमि बर्फाखालीं गाडलेली. १५९६ सालीं विलेम बारेंट्स या डच दर्यावर्द्यानें हीं बेटें पाहिलीं आणि तेथील टोंकदार पर्वतांवरून त्यांस 'स्पिट्सबर्गन' असें नांव मिळालें. १९२० सालीं पॅरिस येथें झालेल्या तहानें या बेटांवर नॉर्वेचें स्वामित्व मान्य झालें. त्या तहांत ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानचेंही नांव होतें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. पुढें २००८ सालीं भारतानें तेथील नी-ऑलेसुन या वस्तींत 'हिमाद्रि' नांवाचें संशोधनकेंद्र उघडलें. त्याचा कारभार गोव्यांत वास्को येथें असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. तेव्हां ही भूमि आपणांस अगदींच परकी आहे असें नाहीं.

मराठी घरांत ध्रुवप्रदेशाचें नांव निघालें कीं लोकमान्यांची आठवण ही ठेवलेलीच. आर्यांचें मूलस्थान ध्रुवाजवळ होतें असें प्रतिपादणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. तो सिद्धान्त आजच्या संशोधकांस मान्य नाहीं. तथापि सहा महिन्यांचा दिवस, दीर्घकाल रेंगाळणारी उषा, या कल्पना आमच्या आजोबांच्या तोंडून आम्हीं ऐकल्या त्या त्या ग्रंथामुळेंच. लाँगइयरब्येन या मुख्य गांवीं आम्ही विमानांतून उतरलों, तेव्हां घड्याळांत रात्रीचा एक वाजला होता आणि समोरच्या डोंगरावर लख्ख ऊन पडलें होतें. तेथें एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाहीं. आणि ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाहीं. अशा ठिकाणीं सायंसंध्या कोणत्या वेळीं करावी, हा प्रश्न आत्याबाईंनीं निघतांनाच विचारला होता. तो आम्हांस सोडवितां आला नाहीं.

येथून पुढचा प्रवास बोटीनें. मोठमोठीं विलासी जहाजें या बेटांच्या संरक्षित भागांत नेतां येत नाहींत. १ जानेवारी २०२५ पासून तेथें दोनशेंहून अधिक उतारू असलेल्या जहाजास मज्जाव आहे. आमचें जहाज त्याहून बरेंच लहान होतें. रोज सकाळीं रबरी होड्यांत बसून किनाऱ्यावर उतरावयाचें, बंदूकधारी मार्गदर्शकांच्या मागून एका ओळींत डोंगर चढावयाचा, आणि जहाजावर परततांना पायांतील बूट घांसून स्वच्छ करावयाचे, असा नित्यक्रम. बूट घांसण्याचें कारण असें कीं, एका किनाऱ्यावरचें बीं किंवा रोगजंतु दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊं नयेत. बंदूक ही अस्वलाच्या भीतीनें. परंतु ती झाडण्याचा प्रसंग न येऊं देणें हीच मार्गदर्शकाची खरी परीक्षा होय. १९७३ पासून तेथें पांढऱ्या अस्वलास पूर्ण संरक्षण आहे, आणि आतां त्याच्यापासून किमान तीनशें मीटर, व मार्च ते जून या महिन्यांत पांचशें मीटर, दूर राहावें असा कायदा आहे. आम्हांस अस्वल दिसलें तें दुर्बिणींतून, जहाजाच्या कठड्याला टेकून: बर्फाच्या कडेनें एक पिवळसर ठिपका डुलत डुलत चालला होता. तो ठिपका दिसेनासा होईपर्यंत शंभर माणसांच्या त्या गर्दींत कोणीही चकार शब्द काढला नाहीं.

पक्ष्यांचा देखावा मात्र अगदीं जवळून झाला. आल्केफ्येलेट नांवाचा काळ्या खडकाचा कडा समुद्रांतून सरळ उभा राहिला आहे. त्याच्या बोटभर रुंदीच्या कपारींवर गिलेमॉट जातीच्या पक्ष्यांचीं हजारों जोडपीं दाटीवाटीनें बसतात. घरटें नाहीं; उघड्या खडकावर एकच अंडें. तें एका बाजूस निमुळतें असतें. पिल्लूं सुमारें तीन आठवड्यांचें झालें कीं, धड उडतां येत नसतांही, तें त्या कड्यावरून खालीं उडी टाकतें. आणि पुढें कित्येक आठवडे समुद्रावर त्याचा सांभाळ करतो तो बाप. आमच्या होडीपासून दहा हातांवर असें एक पिल्लूं पाण्यावर आपटलें, क्षणभर गोंधळलें, आणि मग हांक ऐकून बापाकडे वळलें. होडींतल्या बायकांनीं एकदम सुस्कारा सोडला!

पायीं हिंडण्याचें सुख निराळेंच. त्या भूमींत वृक्ष असा नाहींच. विलोच्या जातीचें जें एक झुडुप आहे, तें चार बोटें उंचीचें, जमिनीला बिलगून पसरलेलें. आंखूड पायांचे रेनडियर त्यांतून चरत असतात व माणसाकडे ढुंकूनही पाहत नाहींत. ध्रुवीय कुररी आपल्या घरट्याजवळ आलेल्याच्या डोक्यावर चोंच मारते, म्हणून काठी उंच धरून चालावें लागतें. हा एवढासा पक्षी दरवर्षीं उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि परत येतो. तेव्हां त्याच्या अंगणांतून जातांना दोन टोले खाल्ले तरी तक्रार कसली!

आतां आत्याबाईंच्या केराकडे वळूं. सफरीच्या सहाव्या दिवशीं आम्हांस स्पिट्सबर्गनच्या उत्तर किनाऱ्यावरील एका वाळवंटावर उतरविलें आणि प्रत्येकाच्या हातीं एक गोणी दिली. दुरून किनारा निर्मळ दिसत होता. वाळूवर ओंडक्यांच्या राशी पडल्या होत्या. वृक्षहीन देशांत हे ओंडके कोठून आले, असें विचारतां आमच्या मार्गदर्शिकेनें सांगितलें कीं, ते सैबेरियांतल्या महानद्यांनीं समुद्रांत लोटलेले आणि बर्फाबरोबर वर्षानुवर्षें वाहत आलेले. त्याच समुद्राचा दुसरा प्रवाह, उष्ण असा, दक्षिणेकडून युरोपच्या किनाऱ्यानें येतो. तो काय आणतो, तें ओंडके हलवितांच दिसूं लागलें: निळ्या-हिरव्या नायलॉनचे दोर, जाळ्यांचीं भेंडोळीं, तरंगे, मासळीचे खोके, आणि त्यांच्यामध्यें साबणाच्या बाटल्या, दांत घांसण्याचे ब्रश, झांकणें. तेथील केरांत वजनानें सर्वांत मोठा वांटा मासेमारीच्या सामानाचा असतो, असें आजवरच्या सफाईंतून आढळून आलें आहे. एक जाळें वाळूंत निम्मेंशिम्में पुरलें गेलें होतें. सहा जणांनीं ओढलें तरी तें निघेना. सुरीनें कापीत कापीत तासाभरानें तें बाहेर आलें, तेव्हां त्याच्या दुसऱ्या टोंकाला रेनडियरचीं शिंगें गुंतलेलीं आढळलीं. शिंगांखालीं कवटीही होती. जनावर तेथेंच उभें राहून उपाशी मेलें असावें. त्यानंतर बराच वेळ सर्वजण मुकाट्यानें गोण्या भरीत राहिलों.

त्याच वाळूंत आम्हांस एक गंजलेला खिळा व पिंपाची जुनी फळी सांपडली. ती आम्ही गोणींत टाकणार, तोंच मार्गदर्शिका धांवत आली. "तें जेथें होतें तेथेंच ठेवा," ती म्हणाली. १९४६ पूर्वींची मानवी वावराची कोणतीही खूण तेथें कायद्यानें वारसा ठरते. तिला हात लावणें हा अपराध आहे. म्हणजे बाटली उचलावयाची आणि फळी जपावयाची! आम्हांस प्रथम हा न्याय विचित्र वाटला. परंतु त्या फळ्यांचा इतिहास ऐकल्यावर विचार पालटला. सतराव्या शतकांत डच, इंग्रज इत्यादि लोकांनीं येथें देवमाशांची शिकार मांडली. स्मीरेनबर्ग, म्हणजे 'चरबीचें गांव', या डच वसाहतींत मोठमोठ्या भट्ट्यांवर चरबी कढवीत. तेल आणि वाळू मिळून घट्ट झालेलीं त्या भट्ट्यांचीं कडीं आजही किनाऱ्यावर दिसतात. तें तेल युरोपांतल्या घरोघरच्या दिव्यांत जळलें, साबणांत गेलें; देवमाशाच्या तोंडांतील पट्ट्या बायकांच्या पोषाखांत गेल्या. कोणा गृहिणीनें देवमासा मारला नव्हता. तिनें फक्त दिवा लावला. परंतु या समुद्रांतून ती जात जवळजवळ नष्ट झाली, आणि आजही ती तेथें विरळाच दिसते. वॉलरसचीही तीच गत झाली असती. १९५२ सालीं त्याची शिकार बंद केल्यानें तो वांचला, आणि २०१८ च्या गणतींत तेथें पांच हजारांहून अधिक वॉलरस आढळले. एका वाळूच्या दांड्यावर तीस-चाळीस वॉलरस एकमेकांच्या अंगावर लोळतांना आम्हीं पाहिले, तें त्या बंदीचें फळ. फळी ठेवावयाची ती ही गोष्ट विसरूं नये म्हणून. आणि बाटली उचलावयाची ती तीच गोष्ट पुन्हां घडूं नये म्हणून.

आपला संबंध काय, असें कोणी विचारील. लाँगइयरब्येनच्या डोंगरांत २००८ सालीं जगांतील धान्यबीजांचें एक कोठार उघडलें आहे. उणें १८ अंशांच्या थंडींत तेथें दहा लाखांहून अधिक वाण ठेवलेले आहेत, आणि हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें पाठविलेली ज्वारी, तूर व हरभरा हींही त्यांत आहेत. म्हणजे आमच्या भाकरीचें आणि वरणाचें बीं तेथें ठेव म्हणून आहे. २०१६ सालीं अवेळीं पाऊस पडून व बर्फ वितळून त्या कोठाराच्या प्रवेशाच्या बोगद्यांत पाणी शिरलें होतें. बियांस धक्का लागला नाहीं. परंतु ध्रुवप्रदेश जगाच्या चौपट वेगानें तापतो आहे, हें जें शास्त्रज्ञ सांगतात, त्याचा अर्थ त्या दाराशीं उभें राहून नीट कळतो.

येथें एक कबुली दिलीच पाहिजे. ज्या विमानानें आम्ही गेलों आणि ज्या जहाजानें हिंडलों, त्यांचा धूरही त्याच आकाशांत गेला. चार गोण्या केर भरून त्याची फेड झाली, असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. गाडगे महाराज हातीं खराटा घेऊन गांव झाडीत. तेव्हां गांव तेवढ्यापुरतें स्वच्छ होई हें खरें, पण त्यांचा उद्देश झाडतांना पाहणाऱ्यांस लाज वाटावी हा होता. आम्हांस त्या किनाऱ्यावर तशी लाज वाटली. आत्याबाईंना आमचें उत्तर म्हणून सांगावयाचें तें एवढेंच.

हें सर्व ऐकून घेतल्यावर आत्याबाईंनीं विचारलें, "मग तो केर शेवटीं टाकला कोठें?" तो जहाजानें लाँगइयरब्येनला नेला, निवडला, आणि तेथून नॉर्वेच्या मुख्य भूमीवर रवाना होतो, असें आम्ही सांगितलें. "म्हणजे या दारचा त्या दारीं!" त्या म्हणाल्या; आणि यावर आम्हांस बोलतां येण्यासारखें कांहीं नव्हतें. आपल्या कोंकणांतही तेंच आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ज्या कांसवांचीं अंडीं गांवकरी जिवापाड जपतात, तींच कांसवें समुद्रांत सोडून दिलेल्या जाळ्यांत गुंतून मरतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्वयंपाकघरांत मोठ्या सुनेला आत्याबाई सांगत होत्या, "दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापूं नकोस ग, लोंबता राहूं दे. तेवढा तुकडा केरांतून कोठें जाईल, कोण पाहतें!" पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालण्याचें काम तेव्हांपासून त्यांनीं स्वतःकडे घेतलें आहे, आणि आठवड्याच्या आठवड्यास रद्दीवाल्याला त्या मोजून दिल्या जातात.