वाळूवर चढणारे जहाज

जहाज वाळूत रुतले तर कप्तानाच्या पोटात गोळा उठतो. पण मुद्दाम किनाऱ्याच्या वाळूवर चढवायचे, असेही एक जहाज आहे!

१९४० मध्ये फ्रान्समधील डंकर्कहून ब्रिटिश सैन्याने माघार घेतली. लाखो सैनिक वाचले. पण रणगाडे, तोफा आणि मोटारी तेथेच टाकाव्या लागल्या. पुन्हा युरोपात उतरायचे, तर रणगाडे न्यायचे कसे? बंदरे शत्रूच्या ताब्यात होती. धक्का नसलेल्या उघड्या किनाऱ्यावरच ते उतरवायला हवे होते.

येथेच खरा पेच होता. महासागर ओलांडणारे जहाज पाण्यात पुरेसे खोल बसलेले हवे. किनाऱ्याला लागणारे मात्र कमीत कमी बुडायला हवे. एकच जहाज दोन्ही कसे करणार?

एक सोपा प्रयोग करा. रिकामा पेला बादलीतील पाण्यात सोडा. तो कलंडतो. आता पेल्यात थोडे पाणी ओता. तो खोल बसतो आणि सरळ उभा राहतो. अमेरिकी नौदलातील जहाजरचनाकार जॉन नीडरमायर यांनी १९४१ मध्ये हेच तत्त्व वापरले. भर समुद्रात जहाजाच्या टाक्या पाण्याने भरायच्या आणि किनारा जवळ आला, की पंपांनी ते पाणी बाहेर टाकायचे. मग सुमारे १०० मीटर लांबीच्या या जहाजाचा पुढचा भाग पाण्यात जेमतेम मीटरभर आणि मागचा सुमारे तीन मीटर बुडे. म्हणजे तळाचा उतार किनाऱ्याच्या उताराशी जुळे!

जहाज वाळूला टेकले, की पुढची दोन दारे उघडत, उतरती फळी खाली येई आणि रणगाडे चालत बाहेर पडत. परत कसे फिरायचे? येतानाच मागचा नांगर समुद्रात टाकलेला असे. त्याचा पोलादी दोर यंत्राने गुंडाळला, की हलके झालेले जहाज मागे सरके.

मात्र ही सोय फुकट नव्हती. सपाट तळामुळे जहाज फार डोले आणि त्याचा वेग ताशी जेमतेम २० किलोमीटर असे. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडजवळ सराव चालू असताना जर्मन वेगवान नौकांनी अशी दोन जहाजे बुडवली. शेकडो जण प्राणांस मुकले. तरीही जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अनेक रणगाडे उतरले, ते याच जहाजांतून.

भारतीय नौदलातही १९८७ ते २०२३ या काळात रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारे एक जहाज होते. त्याचे नाव काय होते, ठाऊक आहे? पाण्यात पोहणारी आणि वाळूवर चढणारी 'मगर'!