पहिल्या खंडाचा शेवट : प्रूस्तच्या बदलत्या योजनांविषयी एक टिपण

एखादा ग्रंथ खंडशः प्रसिद्ध होऊ लागला, म्हणजे त्याचा पहिला खंड काही काळ एकाकी पडतो. पुढील खंड हाती नसल्यामुळे वाचक त्यालाच पूर्ण कृती समजून निर्णय देऊ लागतो. अशा वेळी तो खंड लेखकाच्या योजनेचा पुरावा मानावा, की त्या योजनेवर पडलेल्या बंधनांचा? फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त (१८७१-१९२२) याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

इ. स. १९०८-०९ च्या सुमारास प्रूस्तने समीक्षक सँत-बव्ह याच्या मताचे खंडन करणारा निबंध लिहावयास घेतला. हा निबंध कथनाचे रूप घेऊ लागला आणि पाहता पाहता त्यातून कादंबरी उभी राहिली. १९१२ साली तिची योजना दोन खंडांची होती : पहिल्यात काळ हरवावा, दुसऱ्यात तो पुन्हा गवसावा. अर्थात पूर्वार्धातील भ्रमांचे निरसन उत्तरार्धात व्हावे, असा हा बांधा होता. पहिल्या खंडाचे टंकलिखितच ७१२ पृष्ठांचे झाले. ते एकामागून एक प्रकाशकांनी परत केले. त्यांत ‘नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेझ’ची प्रकाशनसंस्थाही होती. अखेरीस १९१३ च्या आरंभी बेर्नार ग्रासे या तरुण प्रकाशकाने ते स्वीकारले. मात्र छपाईचा खर्च लेखकाने सोसावा, अशी अट होती. प्रूस्तने पदरमोड केली.

मुद्रिते हाती येताच लेखनाला जणू पुन्हा आरंभ झाला. ओळी खोडल्या गेल्या, समासात नव्या लिहिल्या गेल्या, कागदाचे तुकडे चिकटवून नवे परिच्छेद जोडले गेले. ग्रंथाचे नावही याच काळात बदलले. ‘हृदयाचे खंडित स्पंदन’ अशा आशयाचे जुने नाव जाऊन ‘हरवलेल्या काळाच्या शोधात’ या अर्थाचे आजचे नाव आले. परंतु मजकूर एवढा झाला की तो एका खंडात मावेना. तेव्हा खंड मध्येच तोडावा लागला. दोनांच्या जागी तीन खंड ठरले, आणि उरलेले दोन १९१४ मध्ये येतील अशी जाहिरात पहिल्या खंडात छापली गेली. हा ‘स्वान’खंड नोव्हेंबर १९१३ मध्ये बाहेर पडला.

मध्येच तोडलेल्या खंडाला शेवट तर हवा. त्यासाठी प्रूस्तने पॅरिसच्या बुलोन वनातील एक प्रसंग आणून अखेरीस बसविला. त्यात जुने वैभव ओसरलेले पाहून निवेदक विषण्ण होतो. गेलेला काळ गेलाच, असा त्याचा सूर आहे. वाचकांनी हाच ग्रंथाचा निष्कर्ष मानणे स्वाभाविक होते. परंतु फेब्रुवारी १९१४ मध्ये जाक रिव्हिएर याला लिहिलेल्या पत्रात प्रूस्तने स्पष्ट केले की, पृष्ठसंख्येच्या व्यावहारिक अडचणीमुळे तो प्रसंग केवळ आडपडद्यासारखा तेथे उभा केला असून, आपला खरा निष्कर्ष त्याच्या नेमका उलट आहे. ग्रंथ रचनाबद्ध आहे हे ओळखणारा वाचक भेटला, याचा आनंदही या पत्रात आहे.

तो उलट निष्कर्ष वाचकांपुढे लवकर यावयाचा होता. पण ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ग्रासेचे मुद्रणकार्य थांबले. या सक्तीच्या अवकाशात ग्रंथ दुपटीहून अधिक वाढला. १९१३ च्या योजनेत जिला स्थान नव्हते, ती आल्बेर्तीन ही व्यक्तिरेखा आता उत्तरार्धाच्या केंद्रस्थानी आली. १९१६ मध्ये प्रूस्त पूर्वी नकार देणाऱ्या संस्थेकडेच गेला. १९१९ मध्ये दुसरा खंड निघाला व त्याला गोंकूर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ‘स्वान’ची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा शार्त्रजवळचे कोंब्रे हे गाव रँस व लाँ यांच्या बाजूला सरकविण्यात आले. पुढे कथेत युद्ध यावयाचे होते आणि गाव रणक्षेत्रात असणे आवश्यक होते. म्हणजे प्रसिद्ध झालेला पहिला खंडदेखील स्थिर राहिला नाही.

नोव्हेंबर १९२२ मध्ये प्रूस्त निवर्तला. शेवटचे तीन भाग १९२३, १९२५ व १९२७ साली इतरांच्या संपादनाने निघाले. १९१३ चा वाचक ज्या निष्कर्षाची वाट पाहत होता, तो त्याला चौदा वर्षांनी मिळाला. तोही लेखकाच्या अखेरच्या संस्काराविना. १९८७ मध्ये ‘आल्बेर्तीन’भागाचे प्रूस्तने स्वतः मोठी काटछाट केलेले टंकलिखित प्रसिद्ध झाले आणि त्याची अंतिम इच्छा कोणती, हा वाद नव्याने उभा राहिला.

या इतिहासातून अभ्यासकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ग्रंथातील प्रत्येक विराम कलात्मक हेतूने आलेला असतोच असे नाही. कित्येकदा तो कागदाच्या हिशेबाने आलेला असतो. दुसरी, असा विराम उपरा ठरवून बाजूस सारणेही योग्य नव्हे, कारण तो प्रसंग अजूनही ‘स्वान’च्या अखेरीस उभा आहे आणि प्रूस्तला संधी असूनही त्याने तो हलविला नाही. अडचणीतून आलेली तडजोड पुढे रचनेचाच भाग झाली. म्हणून एखाद्या पहिल्या खंडाविषयी निर्णय देण्यापूर्वी तो कोठे संपतो एवढेच पाहून भागणार नाही. तो तेथेच का संपला, हेही विचारावयास हवे.