सर्व्हर हलवला, पण विंडोज उठेना? आधी हे तपासा



सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना आयटी सपोर्ट द्यायचा व्यवसाय सुरू करताय? मग हे काम कधी ना कधी येणारच: "आमचा टॅलीचा सर्व्हर व्हीएमवेअरवर आहे, दुसरीकडे हलवून द्या." नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं. त्यामुळे प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही कडे वळणारे वाढले.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याची डिस्क-फाइल कॉपी करणं सोपं आहे. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून तर थेट इम्पोर्टची सोय आहे. अडतं ते नंतर. आतल्या विंडोजसाठी डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड सगळं एका रात्रीत बदललेलं असतं.

हलवण्याआधी (जुन्या मशीनवरच)

- बॅकअप घ्या आणि तो रिस्टोअर होतोय का, ते करून बघा.
- जुने स्नॅपशॉट काढून टाका. नाहीतर चुकून जुनाच डेटा नव्या जागी जाऊ शकतो.
- आयपी ॲड्रेस, गेटवे, डीएनएस लिहून ठेवा. मग व्हीएमवेअर टूल्स काढा. नंतर ते काढताना त्रास होतो.
- बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की हातात हवीच.
- टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. ते सरेंडर करा, नव्या ठिकाणी पुन्हा ॲक्टिव्हेट करा.

अडलं तर

१. निळा स्क्रीन, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस": विंडोजकडे नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क आधी साटा म्हणून जोडा आणि विंडोज सुरू करा. एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओ प्रकारात जोडून तिचा ड्रायव्हर टाका. मग मशीन बंद करून मुख्य डिस्कही त्याच प्रकारात बदला. बूट ऑर्डर तपासायला विसरू नका.

२. काळा स्क्रीन, बूट डिस्कच सापडत नाही: जुनं मशीन बायोसवर होतं की यूईएफआयवर, ते बघा. नवंही तसंच हवं. हायपर-व्ही मध्ये जनरेशन १ म्हणजे बायोस, जनरेशन २ म्हणजे यूईएफआय.

३. विंडोज उठलं, पण नेटवर्क नाही: नवं कार्ड आलं, पण जुना आयपी जुन्या कार्डाच्या नावावर अडकलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा, जुनं कार्ड काढा, आयपी नव्याने भरा. आणि जुनं-नवं मशीन एकाच नेटवर्कवर एकाच वेळी चालू ठेवू नका, आयपी भांडतील!

आता धंद्याची गोष्ट

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० तारीख महत्त्वाची: जीएसटीआर-१ आणि ३बी. त्याच्या आदल्या दिवशी हे काम घेऊच नका. कोटेशनमध्ये फक्त कॉपी करण्याचे नाही, तर तयारीचे आणि तपासणीचे तासही धरा. सर्व्हर किती वेळ बंद राहील, ते शेठना आधीच लेखी सांगा.

शेवटचं: अकाउंटंटने नव्या मशीनवर स्वतः बिल काढून, प्रिंट घेऊन "ठीक आहे" म्हटल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. आणि जुनं मशीन बंद ठेवा, पण किमान महिनाभर डिलीट करू नका. ग्राहकाचा डेटा गेला, तर सोबत तुमचं नावही जातं.