शंभराच्या भांडवलात अकरा खेळाडू

व्यापाराच्या पानावर क्रिकेट कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. फँटसी क्रिकेट म्हणजे मनाने बांधलेल्या संघाचा खेळ. त्यात भांडवल ठरलेले, मालाचे भाव ठरलेले, खरेदीची मुदत ठरलेली. नंतर माल कसा निघतो त्यावर नफा-तोटा. भिवंडीच्या बाजारात रोज सकाळी गाळा उघडणाऱ्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. तो नाव बदलून हेच तर करीत असतो.

आपल्या गावातील शेकडो तरुणांनी काही वर्षे हा खेळ पैसे लावून खेळला. कोणी चहाच्या पैशातून खेळला, कोणी पगाराच्या पैशातून. त्यांच्या वडिलांना मात्र मुलगा मोबाईलवर नेमके काय करतो हे शेवटपर्यंत कळले नाही. म्हणून आधी नियम पाहू, मग खेळण्याची अक्कल, आणि शेवटी पैशाचा हिशेब.

नियम असे. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांतील खेळाडूंची यादी समोर येते. प्रत्येकाच्या नावापुढे भाव लिहिलेला असतो, साधारण सातपासून साडेदहापर्यंत. तुमच्याजवळ शंभर असतात आणि अकरा खेळाडू घ्यायचे असतात. म्हणजे सरासरी नऊच्या थोडे वर पडते. सगळेच नामांकित घ्यायला गेलात तर आठव्या-नवव्या खेळाडूलाच थैली रिकामी होते. फलंदाज, गोलंदाज, अष्टपैलू, यष्टिरक्षक असे प्रत्येक प्रकारातून किमान काही घ्यावेच लागतात. एकाच संघातून किती घ्यायचे यालाही हद्द असते. त्यानंतर मैदानावर तो खेळाडू जे करील त्याचे गुण तुमच्या खात्यात जमा होतात. एक प्रचलित पद्धत अशी होती की धावेला १ गुण, बळीला २५, झेलाला ८. तुम्ही ज्याला कप्तान नेमाल त्याचे गुण दुप्पट आणि उपकप्तानाचे दीडपट.

कल्पना परदेशातील आहे. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने मित्रांबरोबर एका हॉटेलात जेवताजेवता बेसबॉलसाठी याचे नियम रूढ केले. इंग्लंडमध्ये ती फुटबॉलला लागली, पुढे रग्बीलाही. रग्बीत ट्रायला ५, पेनल्टीला ३ आणि ट्रायनंतरच्या किकला २ गुण मिळतात. म्हणून तेथील जाणते खेळाडू पळून ट्राय करणाऱ्यापेक्षा किक मारणाऱ्याला आधी घेतात. पळणाऱ्याचा दिवस एखादा असतो, किक मारणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक सामन्यात संधी येते. आपल्याकडे हे तत्त्व सलामीच्या फलंदाजाला लागू होते. सहाव्या क्रमांकावर येणारा कितीही धडाकेबाज असो, त्याच्या वाट्याला चेंडूच कमी येतात.

आता खेळण्याची अक्कल. पहिली गोष्ट, जो खेळणारच नाही त्याला घेऊ नये. हे हास्यास्पद वाटेल, पण सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. नाव मोठे, भाव मोठा, आणि साहेब त्या दिवशी बाकावर. गोडाऊनमध्ये पडलेल्या ताक्याचे व्याज तरी निघते म्हणा, बाकावरच्या खेळाडूचे काहीच निघत नाही. अंतिम अकरा नाणेफेकीच्या वेळी जाहीर होतात आणि नाणेफेक सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी होते. हा अर्धा तास म्हणजे सौद्याची खरी वेळ. सकाळी संघ लावून विसरून जाणारा आणि या अर्ध्या तासात यादी पुन्हा तपासणारा यांच्यात वर्षभरात फार मोठा फरक पडतो.

दुसरी गोष्ट मैदानाची. २०२३ चा एकदिवसीय विश्वचषक आपल्याच देशात झाला. त्यातील मुंबईच्या वानखेडेवरील सामने आठवा. २१ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेने प्रथम खेळून ३९९ केले आणि इंग्लंड १७० मध्ये आटोपले. तीन दिवसांनी त्याच दक्षिण आफ्रिकेने बांगलादेशाविरुद्ध ३८२ केले, उत्तर आले २३३. २ नोव्हेंबरला भारताचे ३५७ आणि श्रीलंकेचे अवघे ५५. दुपारी उन्हात फलंदाजांचे राज्य, आणि दिवे लागले की नवा चेंडू वळू लागे. ज्याने हे ओळखले तो नाणेफेक होताच प्रथम खेळणाऱ्या संघाचे फलंदाज आणि त्याच संघाचे नव्या चेंडूचे गोलंदाज उचलीत होता. ७ नोव्हेंबरला अफगाणिस्तानच्या २९१ धावांना उत्तर देताना ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१ अशी घसरली, तेव्हाही मैदानाने आपला स्वभाव सोडला नव्हता. पुढे मॅक्सवेलने नाबाद २०१ करून सामना ओढून नेला. पण असा दिवस हिशेबात धरून कोणी खरेदी करू शकत नाही.

तिसरी गोष्ट, माल स्वस्त कधी असतो? जेव्हा तो लोकांच्या नजरेतून उतरलेला असतो. त्याच स्पर्धेत मोहम्मद शमी पहिल्या चार सामन्यांत संघात नव्हता. पुण्यात बांगलादेशाविरुद्ध हार्दिक पंड्या जखमी झाला, संघाची रचना बदलावी लागली आणि २२ ऑक्टोबरला धरमशाला येथे न्यूझीलंडविरुद्ध शमी आला. आल्या आल्या पाच बळी. स्पर्धा संपली तेव्हा त्याचे फक्त सात सामन्यांत २४ बळी होते आणि यादीत तो पहिला होता. ऑस्ट्रेलियाचा ट्रॅव्हिस हेडही तसाच. हात मोडल्यामुळे पहिले पाच सामने बाहेर. परतताच २८ ऑक्टोबरला ६७ चेंडूंत १०९, आणि अंतिम सामन्यात १३७. लांबलेल्या स्पर्धेत जखमी खेळाडू कधी परतणार याची टिपण ठेवणे हे हंगाम सुरू होण्याआधी माल भरून ठेवण्यासारखे आहे. ज्याला पावसाळ्यात थंडीचा माल सुचतो तोच कमावतो.

चौथी गोष्ट कप्तानाची. बहुतेक मुले कप्तान म्हणून आवडता फलंदाज नेमतात. १५ नोव्हेंबरच्या वानखेडेवरील उपांत्य सामन्याचा हिशेब पाहा. विराट कोहलीने ११७ केल्या. नुसत्या धावांचे गुण धरले तर ११७, कप्तान म्हणून २३४. शमीने ५७ धावांत ७ बळी घेतले. बळींचेच १७५, कप्तान म्हणून ३५०. दोघेही तुमच्याकडे असतील, पण बिल्ला कोणाच्या दंडावर बांधलात यावर अठ्ठावन्न गुणांचा फरक पडला. शिवाय ज्याला सगळे जग कप्तान नेमते त्याने शतक केले तरी तुम्ही पुढे जात नाही, सगळे एकदमच वर सरकतात. सर्वांच्या दुकानात जे कापड आहे त्यावर नफा सुटत नाही, तसेच हे. पुढे असाल तर इतरांजवळ आहे तेच ठेवा. मागे असाल तर वेगळा माल घ्या, मग पडो वा चढो.

आमच्या गाळ्यावर त्या विश्वचषकात मुलांनी असा संघ लावला होता. पैसे कोणाचे नव्हते. वहीवर गुण मांडायचे आणि पहिल्या येणाऱ्याला गाळ्यातर्फे एक शर्टपीस. सर्वांचा अंदाज होता की हिशेब लिहिणारा मुलगा जिंकणार, कारण तो बी.कॉम. झालेला. जिंकला घडी घालणारा पोरगा. तो नाणेफेकीच्या वेळी हमखास काम थांबवी. पहिले दोन दिवस मी त्याला रागावलो, मग सोडून दिले. त्याला पुढे ग्रे खरेदीला सोबत नेऊ लागलो. ताका उलगडून दोष काढण्यात त्याची नजर आज चांगली तयार झाली आहे.

म्हणजे या खेळात अक्कल लागते हे मला मान्य आहे. न्यायालयांनीही ते मानले. मुंबईतूनच चालणाऱ्या ड्रीम इलेव्हन या कंपनीच्या खेळाबाबत २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निर्णय दिला होता. त्याआधी २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तेच म्हटले होते. शरीअतच्या बाजूने याचा निवाडा उलेमांनी करावा. हे पान धंद्याचे आहे, आपण वहीपुरते बोलू.

वही काय सांगते? समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये भरले. जमा झाले पाच हजार. बक्षिसांत वाटले बेचाळीसशे आणि कंपनीने ठेवले आठशे. म्हणजे शेकडा सोळा. ग्रे कापडाच्या सौद्यात दलालाने शेकडा सोळा मागितले तर आपण त्याला पायरी चढू देणार नाही. सर्वसाधारण अकलेच्या माणसाने असे वीस खेळ खेळले तर हजार भरून त्याच्या हाती सरासरी आठशे चाळीस येतात. जास्त खेळला तर जास्त जातात. त्यात बक्षिसांचा मोठा भाग वरच्या मोजक्या नावांना. अनेक स्पर्धांत एका माणसाला वीसपर्यंत संघ लावता येत. ज्याच्याजवळ भांडवल आणि संगणक तो वीस बाजूंनी जाळे टाकणार, आणि आपल्या शांतीनगरचा पोरगा एका संघाने त्याच्याशी लढणार. दोघांमध्ये अक्कल सारखी असली तरी लढत सारखी नाही. तो पोरगा स्वतःला व्यापारी समजत होता, कंपनीच्या वहीत तो गिऱ्हाईक होता.

वर कराचा भाग. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. आपल्या कापडावर ५ टक्के आहे आणि त्यावरही आपण ओरडतो. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापून घेण्याचा नियम आला, मग तुमचे बाकीचे उत्पन्न करपात्र असो वा नसो. आणि हरलेली रक्कम दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

आपल्या धंद्याला हा प्रकार नवा नाही. मुंबईत आकड्याचा जुगार सुरू झाला तो कापसाच्या भावावरून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये ते भाव येणे बंद झाले. पुढच्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी मटका काढला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. कापूस राहिला बाजूला, आकडा राहिला. गिरणगावातील किती पगार त्यात गेले ते जुन्या लोकांना विचारा. कापसाचा वायदा करणाऱ्याला निदान कापूस हवा असतो किंवा विकायचा असतो. आकडा लावणाऱ्याला दोन्ही नको असते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन खेळांविषयीच्या नव्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा ताबडतोब थांबवल्या. भारतीय संघाच्या जर्सीवरील तिचे नावही गेले आणि सप्टेंबरमधील आशिया चषक आपला संघ कोऱ्या जर्सीने खेळला. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले.

मला आता काळजी आहे ती पुढच्या टप्प्याची. मोठे दुकान बंद झाले की गल्लीत टपऱ्या निघतात. कोणी मोबाईलवर गट काढतो, शंभर-शंभर रुपये एकाच्या खात्यात गोळा करतो आणि गुण दुसऱ्या ठिकाणाहून पाहून पैसे वाटतो. काही ठिकाणी परदेशातील ॲप सुचवले जाते. कंपनी होती तेव्हा निदान पावती होती. येथे पैसे घेऊन माणूस उद्या फोन बंद करील तर करायचे काय? १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० म्हणते की पैजेचा करार रद्दबातल आहे, जिंकलेले पैसे दावा लावून वसूल होत नाहीत. उधारीच्या मालाचे पैसे बुडाले तर आपण कोर्टात निदान उभे राहतो. येथे उभे राहायलाही जागा नाही. शिवाय राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. ज्यांच्या कारखान्यात, सायझिंगमध्ये किंवा गोडाऊनवर तरुण मुले कामाला आहेत त्यांनी पगाराच्या दुसऱ्याच दिवशी उचल मागणाऱ्याला एकदा शांतपणे विचारून पाहावे. ओरडू नये, ओरडले की कर्ज लपते आणि वाढते.

आणि फुकट खेळायला काहीच हरकत नाही. दहा-बारा जण असाल तर ठरलेल्या भावापेक्षा लिलाव जास्त रंगतो. प्रत्येकाला कागदावरचे हजार रुपये द्या, एक खेळाडू एकाच मालकाचा, आणि आठवड्यातून एक-दोन अदलाबदली. कोण पहिल्याच बोलीत तापतो, कोण गप्प बसून शेवटी मोकळ्या बाजारात उचलतो, हे एका संध्याकाळी कळते. लिलावात पहिली पाच नावे नेहमी महाग जातात, कारण सर्वांच्या खिशात पैसा असतो. मधल्या टप्प्यात हात आखडतात, तेव्हा खरेदी करावी.

पुढचा एकदिवसीय विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया येथे ठरलेला आहे. त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियात रग्बीचाही विश्वचषक आहे, पण आपल्या गाळ्यांवर त्याची खबर कोणी घेईल असे वाटत नाही. तेथे वानखेडेचा हिशेब चालणार नाही. जोहान्सबर्ग उंचावर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो. डर्बन समुद्रकाठचे, तेथे हवेत ओलावा. यादी करायला बसाल तेव्हा खेळाडूंच्या आधी मैदानांची नावे लिहा.