आयटीआयची वाट, मोबाइलवरून

इन्सुलीहून (ता. सावंतवाडी) : शासकीय आयटीआय सावंतवाडीत. विरुद्ध दिशेला बांदा ओलांडले की गोव्याची हद्द.

• प्रवेश : राज्यभर ऑनलाइन, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक) एका वर्षाचे.

• नॅशनल करिअर सर्व्हिस : केंद्राचे पोर्टल, २०१५ पासून. नोकऱ्या, रोजगार मेळावे, समुपदेशन. नोंदणी मोफत, ‘फॉर्म भरायचे’ पैसे सायबरवाल्याचे, सरकारचे नव्हेत.

• अप्रेंटिसशिप : कायदा १९६१ चा. ही नोकरी नव्हे, प्रशिक्षण. पगार नाही, विद्यावेतन. नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर, त्यामुळे गोव्यातल्या जागाही तिथेच दिसतात. करार लेखी. मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर आपोआप येत नाही.

• पुढचे शिक्षण : दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.