आधी वरच्या वाडीचं

सकाळी साडेसहा

रात्रभर पाऊस पडून गेलाय. खालच्या कुरणांत आज ट्रॅक्टर घातला तर तिथेच रुतेल. चहा होईपर्यंत मी भिंतीवरचा नकाशा बघते. ज्या शेतांच्या मालकांनी सही दिली ती हिरवी, ज्यांनी दिली नाही ती लाल. मार्च 2015चा शेवटचा आठवडा आहे आणि लाल आता एकाच जागी उरलंय, माळाकडे चढणाऱ्या दोन कुरणांवर. त्यांच्या पलीकडे तीन घरं आहेत. ही सगळी उठाठेव त्या तीन घरांसाठी आहे, असं म्हटलं तर गावात कुणाला आवडणार नाही. हिशेब मात्र तसाच आहे.

इंग्लंडच्या लँकशर परगण्यातलं, लून नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. नवऱ्याची सरकारी दवाखान्यातली नोकरी आम्हाला इथे घेऊन आली. तो निवृत्त झाला आणि मी बार्नमध्ये अडकले. पूर्ण नाव ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’, पण सगळे बार्नच म्हणतात. 2011 साली गावकऱ्यांनीच काढलेली संस्था. किमान शंभर पौंडांचे शेअर घ्यायचे, आणि कितीही घेतले तरी मत एकच. सांगली जिल्ह्यात दूध सोसायटीच्या सभा ऐकत वाढलेल्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. सभेत कोण आधी रुसणार हेसुद्धा मला साधारण ओळखता येतं.

आठ

चर खणायला आज पाच जण. एक निवृत्त शाळामास्तर, एक सुतार, दोन शेतकरी आणि एक आजी. आजी खणत नाहीत, पण कुणी खणत नसेल तर त्यांना बरोबर दिसतं. उताराचं शेत निचऱ्याचं असल्यामुळे तिथे काम चालतंय. ट्रॅक्टरमागे मोल प्लाऊ लावलाय: उभं पातं जमीन चिरत जातं आणि त्याच्या मागून प्लॅस्टिकची नळी, म्हणजे डक्ट, आत बसत जाते. जमीन मागे लगेच मिटते. फायबर नंतर येतं. ते ओढत नाहीत, दाबाच्या हवेने डक्टमधून फुंकतात.

अडतं ते दगडी कुंपणांपाशी. चुन्याशिवाय रचलेल्या या जुन्या भिंती. पाडायच्या नाहीत, खालून भोक पाडायचं, आणि पडलाच एखादा दगड तर होता तसा बसवायचा. सुतार पालथा पडून हात खांद्यापर्यंत भिंतीखाली घालतो. सकाळचा निम्मा वेळ त्या एका भोकात जातो.

फायबर महाग असतं असा लोकांचा समज आहे. फायबर स्वस्त असतं. महाग असतं ते खणणं. त्यातही रस्ता खणणं. परवाने, वाहतूक वळवणं, वर पुन्हा डांबर. शेतातून गेलं तर हे सगळं वाचतं, पण शेतकऱ्याने परवानगीचं भाडं मागितलं की वाचलेलं पुन्हा तिथेच जातं. म्हणून इथला शेतकरी फुकट सही देतो आणि म्हणूनच महिना तीस पौंडांत, जोडणीचे एकदाच दीडशे घेऊन, जाताना आणि येताना दोन्हीकडे एक गिगाबिटचा वेग देणं जमतं. लँकेस्टर विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड यांनी तांत्रिक आराखडा बसवला. क्रिस कॉन्डर या शेतकरी घरातल्या बाई बांधाबांधावर बोलत फिरल्या. पहिल्याशिवाय दुसरं चाललं नसतं. पण माझं मत विचाराल तर दुसरं काम जास्त अवघड.

साडेबारा

दादाचा फोन. तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेत.

“अगं, आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत केबल येणार म्हणतात. अडीच लाख पंचायती जोडायच्या आहेत म्हणे.”

“पंचायतीपर्यंत येईल रे दादा. वाड्यांवर कोण नेणार?”

“तेच विचारलं मी. ग्रामसेवक म्हणाला, ते नंतर बघू.”

‘नंतर बघू’ हे इथेही म्हणतात, फक्त छापील कागदावर आणि टक्क्यांत.

दोन

टक्क्यांचंच काम काढून बसते. संध्याकाळच्या सभेसाठी दोन पानी टिपण करायचंय.

सरकारने खेड्यांच्या ब्रॉडबँडसाठी पैसा काढला, जिल्हा परिषदांनी त्यात भर घातली आणि निविदा निघाल्या. शर्यतीत शेवटी दोनच कंपन्या उरल्या, जुनी टेलिफोन कंपनी बीटी आणि फुजित्सू. 2013मध्ये फुजित्सूने अंग काढून घेतलं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात संसदेच्या लोकलेखा समितीने स्पष्ट लिहिलं की स्पर्धा उरलेली नाही आणि सुमारे 120 कोटी पौंडांचा सार्वजनिक पैसा एकाच कंपनीकडे जाणार आहे. समितीने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं, आणि मला ती पैशांपेक्षा मोठी वाटते. कोणती घरं जोडली जाणार आणि कोणती नाहीत, याचा घराघरापर्यंत उतरणारा तपशील व्यापारी गुपित म्हणून झाकलेला होता. आपण राहिलो की नाही हेच ज्याला कळत नाही, तो स्वतः कुदळ तरी कशी उचलणार?

बीटीला मी खलनायक करत नाही, सभेतही करू देत नाही. 1984पासून ती भागधारकांची कंपनी आहे आणि तांब्याची तार आधीच जमिनीत पडलेली आहे. रस्त्याकडेच्या कॅबिनेटपर्यंत फायबर न्यायचं आणि तिथून पुढे तीच जुनी तार वापरायची, हे तिच्या वहीत शहाणपणाचंच ठरतं. कॅबिनेटला लागून घर असेल तर वेगही चांगला मिळतो. दीड-दोन किलोमीटर लांब असेल तर वाटेतच तो गळून जातो. राग यायचाच तर निविदेच्या अटी लिहिणाऱ्यांचा यावा. आता सरकारचं उद्दिष्ट आहे 2017पर्यंत पंच्याण्णव टक्के. उरलेले पाच टक्के कुठे राहतात हे मी घरनिहाय सांगू शकते.

चार

लाल कुरणांच्या मालकाकडे चहा. चहा म्हणजे फळांचा केक आणि त्याच्यासोबत चीज. या भागात तसंच खातात. म्हातारा माणूस, मेंढ्या पाळतो. तो आज भलताच खुशीत आहे. यंदा शेतीच्या अनुदानाचा अर्ज ऑनलाइनच भरायचा, असं सरकारने ठणकावलं होतं. शेतांचे नकाशे वेबसाइटवर काढायचे होते. वेबसाइटच कोलमडली आणि गेल्या आठवड्यात कागदी अर्ज परत आले.

“बघितलंत? थांबलं की आपोआप कागद येतो,” तो म्हणतो.

सहीचं काढलं की तो खिडकीतून मेंढ्यांकडे बघतो. व्यायचे दिवस तोंडावर आलेत, आणि या दिवसांत त्याला शेतात ट्रॅक्टर नकोय. ते मला मान्य आहे. मे महिन्यात खणू, आता फक्त सही द्या, असं मी म्हणते. तो म्हणतो, वडिलांनी एकदा पाण्याच्या पाइपसाठी सही दिली होती, त्या चरात गाईचा पाय मोडला. यावर काय बोलणार? मी आणखी एक केकचा तुकडा घेते.

सात

गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडतात. 7 मेला निवडणूक आहे, त्यामुळे एक उमेदवार मागे उभा राहून हसतोय.

पहिलाच प्रश्न अपेक्षित होता, सभागृहासमोरच्या गल्लीत राहणाऱ्या बाईंचा. “सरकारी योजनेतून बीटीचं इथपर्यंत येणारच असेल तर आपण चिखलात कशाला लोळायचं?”

प्रश्न चुकीचा नाही. त्यांच्यापुरता बरोबरच आहे. मी डॉल्फिनहोमचं सांगते. तिथे बार्नचं काम ठरलेलं असताना त्याच गावात सरकारी अनुदानाच्या योजनेतून बीटीची जोडणीही आली. मग मी फळ्यावर गाव काढते. मध्ये दाटीची घरं: एका चरावर वीस. भोवती विखुरलेली शेतघरं: एकेका घराला एकेक चर. मधल्या वीस घरांच्या महिन्याच्या पैशांतून बाहेरच्यांचे चर निघतात. मधली वीस दुसऱ्याकडे गेली तर बाहेरच्यांसाठी पैसा उरत नाही. मग त्यांच्यापर्यंत ना बीटी जाते, ना आम्ही जाऊ शकतो. गाव गेलं की वाड्या जातात. म्हणून बार्नचा नियम आहे की एखादा पॅरिश, म्हणजे गाव आणि त्याच्या वाड्या, घेतला तर त्यातलं प्रत्येक घर घ्यायचं. आणि म्हणून मी आराखडा वरून खाली करते, आधी माळावरची तीन घरं आणि मग गल्ली.

बाई म्हणतात, “म्हणजे त्यांच्यासाठी मी पैसे भरायचे?”

“हो,” मी म्हणते. दुसरं खरं उत्तर नाही.

थोडी चुळबुळ होते. मग सकाळच्या आजी, ज्या खणत नाहीत, उठून सांगतात की या बाईंकडे पोस्टमन येतो त्याच तिकिटात तो माळावरही जातो. तेव्हा कुणी कुरकुरलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. उमेदवार टाळ्या वाजवतो. त्याला पंच्याण्णव टक्क्यांबद्दल कुणीतरी विचारतं आणि तो टाळ्या थांबवतो.

बाई फॉर्म घेऊन जातात. भरतील की नाही सांगता येत नाही.

साडेनऊ

म्हाताऱ्याचा फोन येतो. सही देणार नाही. नीट, सभ्यपणे, कारणासकट सांगतो. मी आभार मानते. मनात दुसरंच असतं, पण त्याच्या शेजाऱ्याचं शेत त्याच्या शेताला लागून आहे आणि त्या दोघांचं चांगलं आहे.

नकाशा टेबलावर काढून घेते. त्या दोन कुरणांना वळसा घालायचा तर ओढ्याच्या कडेने जावं लागेल. डक्ट तीन-चारशे मीटर वाढते आणि दोन दगडी कुंपणांची भर पडते, म्हणजे सुताराच्या दोन सकाळी. पैसे कुठून आणायचे हे बघताना गल्लीतल्या एका वळणावर वाचवता येतील असं दिसतं. तिथे दोन घरांना एकच चर पुरेल, मात्र मधली बाग थोडी उकरावी लागेल. ती बाग फॉर्म घेऊन गेलेल्या बाईंची आहे. उद्या सकाळी आधी तिकडे.