छर्रा वांकडा कीं हात?

नाचतां येईना अंगण वांकडें, अशी म्हण आहे; आणि नेमबाजी शिकणाऱ्याच्या बाबतींत ती वारंवार खरी ठरते. नेम चुकला कीं शिकाऊ नेमबाज प्रथम बंदुकीकडे पाहतो, मग छऱ्यांच्या डबीकडे, आणि सर्वांच्या शेवटीं स्वतःच्या हाताकडे. परंतु अंगण कधीं कधीं खरोखरच वांकडें असतें, हेंही विसरून चालत नाहीं. शिशाचा छर्रा हा फार मऊ जिन्नस. डबी हातांतून पडली किंवा प्रवासांत हिंदकळली, कीं त्यांतील कांहीं छऱ्यांना पोचा यावयाचाच. अशा छऱ्यानें नेम चुकतो काय, आणि चुकल्यास कितीसा, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

सोलापुरास संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्रीसिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेंत, किंवा दुसऱ्या कोणत्याही जत्रेंत, फुगे फोडावयास उभ्या राहिलेल्या मुलाला हा प्रश्न पडत नाहीं. फुगा मोठा आणि अंतर थोडें. तेथें पोचा असला काय नि नसला काय, सारखेंच. परंतु तोच मुलगा उद्यां दहा मीटरांच्या स्पर्धेची वाट धरतो, तेव्हां गोष्ट निराळी होते. महाराष्ट्रांतील मुलामुलींनीं ही वाट चांगलीच मळविली आहे. अंजली भागवत २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या. सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेंत ४०० पैकीं ४०० गुण मिळविले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें जगज्जेते झाले. त्यांचा कित्ता गिरवूं पाहणाऱ्या मुलाच्या घरीं छऱ्यांचा खर्च ही एक काळजी होऊन बसते. पोचा आलेला प्रत्येक छर्रा फेंकावा, तर पैसा जातो. वापरावा, तर गुण जातील ही भीति.

या भीतींत तथ्य किती, हें कळण्यास निशाणाचें माप ध्यानीं घेतलें पाहिजे. दहा मीटरांवरील रायफलीच्या निशाणांत दहा गुणांचा जो मधला ठिपका, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असतो. आजच्या मोजणींत अचूक नेमाला १०.९ गुण देतात, आणि छर्रा मध्यापासून जसजसा दूर जाईल तसतसा दर पाव मिलिमीटरास एक दशांश कमी करतात. २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांना सुवर्णपदक मिळालें तें ७००.५ गुणांवर; रौप्यपदक मिळविणाऱ्या चिनी नेमबाजाचे गुण ६९९.७ होते. साऱ्या स्पर्धेचा निकाल अवघ्या आठ दशांशांनीं लागला!

आतां छऱ्याची घडण पाहूं. ती थोडीशी बॅडमिंटनच्या फुलासारखी असते: पुढें जड डोकें, मध्यें बारीक कंबर आणि मागें पातळ, पोकळ घेर. चाप ओढतांच दाबलेली हवा त्या घेरांत शिरते, मऊ शिसें बाहेर फुगवून नळीच्या अंगाशीं घट्ट बसविते, आणि मागील हवेची वाट बंद करते. नळीच्या आंत स्क्रूप्रमाणें आटे असतात. त्यांत घेर अडकून छर्रा स्वतःभोंवतीं गरगर फिरूं लागतो. या फिरण्यानें, तसेंच घेरावर बसणाऱ्या हवेच्या ओढीनें, त्याचें तोंड सरळ राहतें.

घेराला मोठा पोचा आला, तर तीन गोष्टी बिघडूं शकतात. एक, फटींतून हवा निसटते व गति घटते. दुसरी, वजनाचा तोल एका अंगास जातो. आर वांकडी झालेला भोंवरा जसा झोल खातो, तसाच छर्राही खातो. तिसरी, नळीच्या तोंडाबाहेर पडतांना मागची हवा घेराच्या चहूं बाजूंनीं सारखी न निसटल्यामुळें छऱ्यास तिरपा धक्का बसतो. अमेरिकेंतील फ्रँकलिन मान या वैद्यानें बंदुकीच्या गोळ्या मुद्दाम विद्रूप करून त्या झाडून पाहिल्या, व आपले अनुभव १९०९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. गोळीचें नाक बिघडल्यानें जितकें नुकसान होतें, त्याहून बूड बिघडल्यानें पुष्कळ अधिक होतें, असें त्याला आढळलें. त्या गोळ्या दारूच्या बंदुकीच्या होत्या. तथापि बुडाचें हें महत्त्व छऱ्यासही लागू आहे.

थोडा हिशेब करूं. छऱ्याची गति सेकंदास सुमारें १७० मीटर धरली, तर दहा मीटर जाईपर्यंत तो गुरुत्वाकर्षणानें सुमारें १७ मिलिमीटर खालीं येतो. हें उतरणें नेम लावतांनाच जमेस धरलेलें असतें. परंतु समजा, हवा निसटून गति शेंकडा पांच घटली. तर तोच छर्रा जवळ जवळ १८.८ मिलिमीटर उतरतो. फरक १.८ मिलिमीटरांचा, म्हणजे सुमारें सात दशांश गुणांचा. बीजिंगचें सुवर्णपदक आठ दशांशांवर ठरलें, हें येथें आठवावें.

मात्र एवढ्यावरून साऱ्या डबीला दोषी ठरवूं नये. बारीकसा पोचा हवेच्या दाबानें व नळीच्या अंगाशीं घांसून पुष्कळदां आपोआप निघून जातो. शिवाय चुकांची बेरीज साधी नसते. परस्परांशीं संबंध नसलेल्या दोन चुका काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजांप्रमाणें मिळतात. एकूण चूक म्हणजे त्याचा कर्ण. नवशिक्याचा हात २० मिलिमीटर हलत असेल आणि छऱ्याची चूक २ मिलिमीटर असेल, तर एकूण चूक २२ नव्हे, केवळ २०.१ मिलिमीटर होते. त्याच्या कागदावर तो पोचा दिसणारही नाहीं! उलट, कसलेल्या नेमबाजाचा हात २ मिलिमीटरच हलत असेल, तर तोच छर्रा त्याची चूक २.८ मिलिमीटरांवर नेतो. पोचा एकच, परंतु हात जितका स्थिर, तितका तो अधिक बोंचतो.

मग आपली पायरी कोणती, हें कसें ओळखावें? वाळूच्या पिशवीवर बंदूक नीट टेंकवून दहा चांगले व दहा पोचा आलेले छर्रे आळीपाळीनें झाडावेत; चांगल्यांचा कागद वेगळा, दुसऱ्यांचा वेगळा. आळीपाळीनें अशासाठीं, कीं हाताचा थकवा आणि प्रकाशांतील बदल दोघांच्या वांट्यास सारखे यावेत. कोणता छर्रा भरला हें नेमबाजास न सांगतां जाणत्या सोबत्यानें भरून दिला, तर मनाचा कलही मध्यें येत नाहीं. नंतर प्रत्येक कागदावरील सर्वांत दूरच्या दोन भोंकांमधील अंतर पट्टीनें मोजावें. हाच प्रयोग आणखी दोन दिवस करावा. दोन्ही अंतरें तिन्ही दिवस सारखींच आलीं, तर छर्रे निर्दोष. अभ्यास हाताचा वाढवावा.

व्यवहारापुरता नियम सोपा आहे. छर्रे मऊ कापडावर पसरून पाहावेत. घेर उघड चेपलेला दिसेल तो छर्रा बाजूस काढावा. बोटांनीं दाबून तो पुन्हा पुरता गोल होत नाहीं. किरकोळ पोच्याचे छर्रे सरावास ठेवावेत आणि निर्दोष छर्रे स्पर्धेस. शिसें हें विष आहे; म्हणून छर्रे तोंडांत कधींही धरूं नयेत, लहान मुलांच्या हातीं देऊं नयेत, आणि सराव संपतांच हात साबणानें धुवावेत.

तात्पर्य, अंगण वांकडें असूं शकतें. परंतु तें वांकडें आहे असें म्हणण्याचा अधिकार, तें मोजून पाहिल्यावरच प्राप्त होतो.